पाण्याची घडण वाचणारी ‘ध्रुव’

कुवेतमध्ये बारमाही वाहणारी एकही नदी नाही. तेलाचा पैसा येण्याआधी तिथलं पिण्याचं पाणी शिडाच्या गलबतांतून येई. शत्त-अल-अरबच्या गोड्या प्रवाहात पिंपं भरायची, खाडी ओलांडायची आणि कुवेतच्या धक्क्यावर ते पाणी विकायचं, हा शेकडो खलाशांचा पोटापाण्याचा धंदा होता. त्याच बंदरातली मोठी गलबतं खजूर आणि मोती घेऊन मुंबईला येत आणि 1961 पर्यंत कुवेतच्या बाजारात व्यवहार रुपयांत होत असे. 1953 साली दिवसाला दहा लाख गॅलन गोडं पाणी देणारा कारखाना तिथे उभा राहिला. 1960 मध्ये शुवैखला ‘मल्टी-स्टेज फ्लॅश’ पद्धतीचे संच सुरू झाले. गरम खारं पाणी कमी कमी दाबाच्या कप्प्यांतून नेत टप्प्याटप्प्यानं त्याची वाफ करायची आणि त्या वाफेची उष्णता पुढच्या पाण्याला द्यायची, ही ती पद्धत. रॉबर्ट सिल्व्हर या स्कॉटिश शास्त्रज्ञाचं नाव तिच्याशी कायमचं जोडलं गेलं आहे. आज कुवेतमधल्या हजारो मराठी घरांत नळाला येणारं पाणी बहुतांशी समुद्रातून काढलेलं असतं.

एवढा खटाटोप का करावा लागतो, याचं उत्तर पाण्याच्या रेणूत आहे. एक किलो पाणी शून्य अंशांपासून शंभर अंशांपर्यंत तापवायला सुमारे 419 किलोज्यूल उष्णता लागते. त्याच शंभर अंशांवर त्याची वाफ करायला आणखी 2257 किलोज्यूल लागतात, म्हणजे पाचपटीहून जास्त. पाण्याचा रासायनिक भाऊबंद असलेला हायड्रोजन सल्फाइड पाण्यापेक्षा जड असूनही उणे 60 अंशांना उकळतो. पाणी मात्र शंभर अंशांपर्यंत द्रव राहतं, कारण त्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. ही धरणूक नेमकी कशी आहे, कोणता अणू कोणापासून किती अंतरावर आहे, हे पाहायचं असेल तर हायड्रोजन दिसला पाहिजे. आणि हायड्रोजन पाहणं ही विज्ञानातल्या अवघड कामांपैकी एक गोष्ट आहे. ते काम करणारी एक मोठी परंपरा मुंबईत, ट्रॉम्बेच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, गेली सहा दशकं चालू आहे. तिची ओळख करून देण्यासाठी हा लेख.

एक्स-किरणांनी पदार्थाची रचना शोधता येते, पण हे किरण विखुरतात ते इलेक्ट्रॉनांमुळे. ऑक्सिजनकडे आठ इलेक्ट्रॉन, हायड्रोजनकडे एक, तोही बंधात गुंतलेला. त्यामुळे एक्स-किरणांच्या चित्रात पाणी म्हणजे जवळजवळ फक्त ऑक्सिजनच दिसतो. न्यूट्रॉनची गोष्ट वेगळी. त्याला विद्युतभार नाही, तो इलेक्ट्रॉनांना बाजूला ठेवून थेट अणुकेंद्राशी गाठ घेतो. अणुकेंद्र न्यूट्रॉनला किती आणि कसं विखुरतं, हे ‘प्रकीर्णन लांबी’ या राशीत मोजतात. ऑक्सिजनची 5.80 फेम्टोमीटर, साध्या हायड्रोजनची उणे 3.74 आणि जड हायड्रोजनची, म्हणजे ड्युटेरियमची, अधिक 6.67. या तीन आकड्यांवरच पाण्याचा सगळा अभ्यास उभा आहे. न्यूट्रॉनच्या नजरेत हायड्रोजन ऑक्सिजनच्या तोडीचा ठरतो आणि हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घातला की चिन्हासकट सगळं चित्र बदलतं.

या बदलाचा शास्त्रज्ञांनी मोठ्या कौशल्यानं उपयोग करून घेतला. साधं पाणी, जड पाणी आणि दोघांचं मिश्रण, असे वेगवेगळे नमुने न्यूट्रॉनच्या झोतात ठेवायचे. प्रत्येकातून येणारं चित्र वेगळं, पण रेणूंची मांडणी जवळपास तीच. मग गणितानं त्या चित्रांतून तीन गोष्टी वेगळ्या काढायच्या: ऑक्सिजन-ऑक्सिजन, ऑक्सिजन-हायड्रोजन आणि हायड्रोजन-हायड्रोजन यांची अंतरं. सुमारे 36 टक्के ड्युटेरियम असलेल्या मिश्रणात हायड्रोजनची सरासरी प्रकीर्णन लांबी शून्य होते. अशा पाण्यातून मिळणारं चित्र केवळ ऑक्सिजनच्या मांडणीचं असतं.

ही वाट इथवर यायला काळ लागला. 1933 मध्ये जे. डी. बर्नाल आणि आर. एच. फाउलर यांनी पाण्याच्या रचनेवर एक पायाभूत लेख लिहिला. प्रत्येक रेणूभोवती चार शेजारी, चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर, ही कल्पना त्यातून रुजली. 1935 मध्ये लायनस पॉलिंग यांनी बर्फातल्या हायड्रोजनांबद्दल सांगितलं की दोन ऑक्सिजनांमधल्या रेषेवर हायड्रोजनला दोन जागा असतात आणि त्यांतली कुठली भरायची, हे ठरलेलं नसतं. हे खरं की खोटं, हे एक्स-किरण सांगू शकत नव्हते. 1949 मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज इथे वोलन, डेव्हिडसन आणि शल यांनी जड पाण्याच्या बर्फावर न्यूट्रॉन सोडले आणि पॉलिंग यांचं म्हणणं बरोबर ठरलं. क्लिफर्ड शल यांना या विवर्तन-तंत्रासाठी 1994 चं नोबेल मिळालं. त्यांच्याबरोबरचे दुसरे मानकरी होते कॅनडातल्या चॉक रिव्हरचे बर्ट्रम ब्रॉकहाउस.

चॉक रिव्हरला ब्रॉकहाउस यांच्यासोबत काम करणाऱ्यांत पी. के. अय्यंगार हे तरुण भारतीय होते. ट्रॉम्बेत 4 ऑगस्ट 1956 रोजी ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली होती. अप्सरा लहान होती, पण तिच्यातून न्यूट्रॉनचे झोत बाहेर काढता येत होते. 10 जुलै 1960 रोजी 40 मेगावॉटची ‘सायरस’ सुरू झाली आणि परतलेल्या अय्यंगारांना खरं मैदान मिळालं. लागणारी बहुतेक उपकरणं विकत न घेता ट्रॉम्बेच्या कार्यशाळेत घडवायची, असा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा बाणा होता. गोनिओमीटर, स्फटिक बसवण्याचे पाट, न्यूट्रॉन मोजणारे शोधक, नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक मंडलं, सगळं इथलं. 1960 च्या दशकात हाच संघ भारत, फिलिपिन्स आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त कार्यक्रमात फिलिपिन्सच्या अणुभट्टीवर न्यूट्रॉन वर्णपटमापी उभारायला गेला. स्वातंत्र्यानंतर वीस वर्षं होण्याआधी आपण हे ज्ञान घ्यायलाच नव्हे, द्यायलाही लागलो होतो.

द्रवांच्या अभ्यासातही ट्रॉम्बेचा हात त्याच सुमारास दिसू लागला. बी. ए. दासण्णाचार्य आणि के. आर. राव यांनी द्रव आर्गॉनवर केलेले न्यूट्रॉन प्रयोग 1965 मध्ये प्रसिद्ध झाले. हैदराबादला जन्मलेले अनीसूर रहमान यांनी त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत संगणकावर 864 आर्गॉन अणूंची हालचाल मोजून दाखवली होती. द्रवातले अणू कसे फिरतात, याबद्दल संगणकाचं गणित आणि ट्रॉम्बेचं मोजमाप एकमेकांशी ताडून पाहता येऊ लागलं. पुढे 1971 मध्ये रहमान आणि फ्रँक स्टिलिंजर यांनी 216 रेणूंचं पाणी संगणकात ‘वाहवलं’. आज पाण्यावर होणारा प्रत्येक संगणकीय अभ्यास त्या कामाचा वंशज आहे.

पाण्याच्या बाबतीत ट्रॉम्बेचं नाव सर्वांत ठळकपणे जोडलं जातं ते राजगोपाल चिदंबरम यांच्यामुळे. देश त्यांना अणुचाचण्यांचे शास्त्रज्ञ आणि अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष म्हणून ओळखतो. त्यांचं पहिलं प्रेम मात्र हायड्रोजन बंध हे होतं. ट्रॉम्बेत रुजू होण्याआधीच, 1961 मध्ये, ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका’ या नियतकालिकात त्यांनी बर्फाच्या रचनेवर एक छोटा, पण नेमका लेख लिहिला. वाफेतल्या सुट्या रेणूत दोन हायड्रोजनांमधला कोन 104.5 अंशांचा असतो. बर्फातले शेजारी ऑक्सिजन मात्र चतुष्फलकाच्या 109.5 अंशांवर बसलेले असतात. मग रेणू आपला कोन ताणून घेतो का? चिदंबरम यांचं म्हणणं असं की रेणू आपला कोन जवळपास तसाच ठेवतो आणि वाकतो तो हायड्रोजन बंध. रेणूच्या आतला कोन बदलायला जास्त ऊर्जा लागते, बंध थोडा वाकवायला कमी. 1964 मध्ये ए. सिक्वेरा आणि एस. के. सिक्का यांच्यासोबत त्यांनी पोटॅशियम ऑक्झॅलेट मोनोहायड्रेट या स्फटिकातल्या पाण्याच्या रेणूचा न्यूट्रॉन विवर्तनानं अभ्यास केला. रेणूतल्या ऑक्सिजनच्या मोकळ्या इलेक्ट्रॉन-जोड्या शेजारच्या अणूंकडे कशा वळतात, हा त्याचा विषय. पुढे ट्रॉम्बेच्या गटानं अमिनो आम्लांच्या स्फटिकांतले हायड्रोजन बंधही असेच अचूक मोजले. प्रथिनांत आणि पेशींत पाणी कसं गुंतलेलं असतं, या प्रश्नाची ती पायाभरणी होती. 4 जानेवारी 2025 रोजी चिदंबरम गेले. त्यांच्यावरच्या लेखांत पोखरण सगळीकडे होतं. बर्फातला वाकलेला बंधही तितक्याच मानानं आठवायला हवा.

सायरस 2010 च्या अखेरीस कायमची बंद झाली. त्याआधीच तिचा वारसा ‘ध्रुव’ या अणुभट्टीकडे आला होता. 8 ऑगस्ट 1985 रोजी ध्रुव सुरू झाली आणि 1988 मध्ये तिनं 100 मेगावॉटची पूर्ण शक्ती गाठली. आराखडा आणि बांधणी दोन्ही भारतीय. इंधन नैसर्गिक युरेनियमचं, मंदायक आणि शीतक म्हणून जड पाणी. तिच्या गाभ्यात प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला जास्तीत जास्त 1.8 गुणिले दहाचा चौदावा घात इतके न्यूट्रॉन जातात. औषधोपचारासाठी आणि उद्योगांसाठी लागणारी समस्थानिकं इथे तयार होतात, आणि भट्टीच्या भिंतीतल्या भोकांमधून न्यूट्रॉनचे झोत संशोधकांच्या उपकरणांकडे जातात.

त्यांतलं द्रवांसाठीचं खास उपकरण म्हणजे ‘हाय-क्यू’ विवर्तनमापी. बाहेरून पाहणाऱ्याला तिथे फारसं काही दिसत नाही: जाड आवरणाच्या ठोकळ्यांचा वेढा, त्यातून बाहेर येणारी नळी, एक गोल मेज आणि त्याभोवती शोधकांचं आवरण. आत मात्र काम काटेकोर चालतं. भट्टीतून निघालेल्या झोतात सगळ्या तरंगलांबींचे न्यूट्रॉन मिसळलेले असतात. तांब्याचा एक मोठा स्फटिक विशिष्ट कोनात ठेवला की त्यातून एकच तरंगलांबी निवडली जाते, 0.783 अँगस्ट्रॉमची. एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग, साधारण अणूच्या आकाराइतका. हे न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर वेगानं जातात. तरंगलांबी जितकी आखूड, तितका अंतरांचा तपशील बारीक मिळतो. म्हणून द्रवांच्या अभ्यासाला असा आखूड तरंग लागतो.

नमुना ठेवायची डबी व्हॅनेडियम या धातूची असते. व्हॅनेडियमची सुसंगत प्रकीर्णन लांबी जवळजवळ शून्य असल्यानं डबीची स्वतःची शिखरं चित्रात मिसळत नाहीत. डबीत जड पाणी भरताना ते मुंबईच्या दमट हवेपासून जपावं लागतं, कारण हवेतल्या बाष्पाशी ते हायड्रोजनची अदलाबदल करतं. साध्या हायड्रोजनचा अंश शिरला की पार्श्वभूमीचा गोंगाट वाढतो, कारण साधा हायड्रोजन न्यूट्रॉनना सर्व दिशांना अस्ताव्यस्त उधळतो. म्हणून डबी हवाबंद करतात. मग झोत सोडतात. विखुरलेले न्यूट्रॉन हेलियम-3 भरलेल्या शोधकांत शिरतात. तिथे हेलियमचं अणुकेंद्र न्यूट्रॉन गिळतं, एक प्रोटॉन आणि एक ट्रिटियम केंद्र बाहेर पडतं आणि त्यातून विजेचा स्पंद मिळतो. न्यूट्रॉन शोधकाच्या कुठल्या जागी आदळला, तेही कळतं. असे स्पंद तासन्‌तास गोळा करायचे. मग रिकामी डबी ठेवून मोजायचं, नमुनाच न ठेवता मोजायचं, व्हॅनेडियमचा दांडा ठेवून मोजायचं. पाण्याच्या आकड्यांतून डबी, हवा, शोषण आणि एकाहून जास्त वेळा विखुरलेले न्यूट्रॉन यांचा वाटा वजा करायचा. हलका हायड्रोजन न्यूट्रॉनच्या धक्क्यानं मागे सरतो, त्यासाठीही दुरुस्ती करावी लागते. या वजाबाक्या करूनच कोनांचा आलेख अंतरांच्या आलेखात बदलतात. त्यात एक शिखर जरी चुकीच्या ठिकाणी आलं, तरी सगळी मेहनत पुन्हा करावी लागते.

त्या अंतरांच्या आलेखात काय दिसतं, ते समजण्यासाठी स्फटिक आणि द्रव यांतला फरक लक्षात घ्यावा. स्फटिकात अणू लग्नाच्या पंगतीतल्यासारखे ओळीत बसलेले असतात, द्रवात ते जत्रेतल्या गर्दीसारखे. गर्दीत कोण कुठे उभा आहे, याचा नकाशा काढता येत नाही, पण शेजारी सरासरी किती अंतरावर आहे, हे सांगता येतं. न्यूट्रॉन विवर्तन द्रवाबद्दल हेच सांगतं. साध्या पाण्यात पहिलं शिखर रेणूच्या आतलं असतं: ऑक्सिजन आणि त्याचा हायड्रोजन यांच्यामधलं, सुमारे 0.98 अँगस्ट्रॉमवर. दोन हायड्रोजन एकमेकांपासून सुमारे 1.55 अँगस्ट्रॉमवर. पुढे शेजारच्या रेणूचा हायड्रोजन सुमारे 1.85 अँगस्ट्रॉमवर येतो. तोच हायड्रोजन बंध. शेजारचा ऑक्सिजन 2.8 अँगस्ट्रॉमवर आणि त्यापुढचा सुमारे 4.5 वर. 2.8 ला चतुष्फलकाच्या 1.633 या गुणोत्तरानं गुणलं की उत्तर जवळपास तेच येतं. म्हणजे द्रव पाण्यातही चतुष्फलकाची मांडणी टिकून असते, पण ती थोडी ढिली झालेली असते. बर्फात प्रत्येक रेणूला नेमके चार शेजारी, पाण्यात चारांहून किंचित जास्त. बर्फ वितळला की आकारमान कमी होतं, ते या ढिलाईत आत सरकलेल्या शेजाऱ्यांमुळे. बर्फ पाण्यावर तरंगतो आणि तळ्यातले मासे हिवाळ्यात जगतात, ते या रचनेच्या जोरावर.

हे आकडे जगाला मुख्यतः एका माणसाच्या चिकाटीनं मिळाले. ॲलन सोपर यांनी 1982 पासून, प्रथम साथीदारांसह आणि नंतर इंग्लंडच्या आयसिस केंद्रात, जड आणि साध्या पाण्याच्या मिश्रणांवर वर्षानुवर्षं मोजमाप केलं. त्यांच्या आकड्यांशी ताडूनच संगणकातलं पाणी खरं की खोटं, हे ठरवलं जातं. त्यातही वाद संपलेले नाहीत. 2004 मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आलेल्या एका लेखानं, पाण्यातल्या बहुतेक रेणूंना दोनच पक्के बंध असतात आणि ते साखळ्या करतात, असा दावा केला. चतुष्फलकाचं चित्र मानणाऱ्यांनी त्याला कसून उत्तर दिलं. 2008 मध्ये सोपर आणि बेनमोर यांनी साध्या पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध जड पाण्यातल्या बंधापेक्षा तीन टक्के लांब असल्याचं सांगितलं. 2011 मध्ये ऑक्सिजनची समस्थानिकं वापरून दुसऱ्या गटानं तो फरक अर्धा टक्का असल्याचं दाखवलं. ज्या अंतरांवर जगभर अडीच टक्क्यांसाठी भांडण होतं, तिथे मोजमाप करणाऱ्याच्या प्रामाणिकपणाची कसोटी लागते.

या साऱ्याला जड पाणी लागतं आणि त्यातही महाराष्ट्राचा वाटा आहे. निसर्गातल्या पाण्यात सुमारे साडेसहा हजार हायड्रोजनांत एक ड्युटेरियम असतो. भारतातला जड पाण्याचा पहिला कारखाना 1962 मध्ये पंजाबात नांगलला सुरू झाला. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळच्या थळ इथला कारखाना 1987 मध्ये आला. शेजारच्या राष्ट्रीय केमिकल्सच्या खत कारखान्यातून येणाऱ्या वायूतला ड्युटेरियम अमोनियाच्या साहाय्यानं वेचून तिथे जड पाणी बनवतात. ते साध्या पाण्यापेक्षा अकरा टक्के जड असतं आणि 3.8 अंशांना गोठतं. शून्य अंशांच्या पाण्यात जड पाण्याचा बर्फ टाकला तर तो तळाशी जातो. ध्रुवच्या गाभ्यात न्यूट्रॉनना मंद करणारं आणि नमुन्याच्या डबीत त्यांच्यासमोर ठेवलं जाणारं, दोन्ही जड पाणीच.

ध्रुव ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांपुरती कधीच नव्हती. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातले आर. एन. जोआरदार आणि त्यांचे विद्यार्थी यांनी ट्रॉम्बेच्या पी. एस. आर. कृष्ण यांच्यासोबत हाय-क्यू उपकरणावर हायड्रोजन बंधांनी जोडलेल्या द्रवांचा, विशेषतः अल्कोहोलांचा, अनेक वर्षं अभ्यास केला. दुसऱ्या उपकरणांवर, माती आणि पटलांच्या सूक्ष्म भोकांत अडकलेलं पाणी किती सावकाश हलतं, ते मोजलं जातं. हा प्रश्न आता कुवेतच्याही जवळचा आहे. आखाती देश वाफेची पद्धत सोडून उलट-परासरणाच्या पटलांकडे वळत आहेत आणि त्या पटलांच्या भोकांतून पाण्याचे रेणू कसे सरकतात, यावर विजेचं बिल ठरतं. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्रानं तामिळनाडूत कल्पक्कमला दिवसाला 6300 घनमीटर गोडं पाणी देणारा, वाफ आणि पटल दोन्ही वापरणारा प्रकल्प उभारला आहे. कोकणात आणि मराठवाड्यात खाऱ्या आणि क्षारयुक्त पाण्याची अडचण वाढत असताना पाण्याची घडण समजणं ही चैन नाही.

यूजीसी-डीएई कन्सॉर्टियम फॉर सायंटिफिक रिसर्च या संस्थेचं मुंबई केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आवारात आहे. विद्यापीठांतल्या शिक्षकांना आणि संशोधक विद्यार्थ्यांना ध्रुवच्या झोतावर काम करता यावं, हाच त्याच्या स्थापनेमागचा हेतू. त्यासाठी प्रस्ताव पाठवावा लागतो. तो मांडायला एक चांगला प्रश्न, नीट तयार केलेला नमुना आणि थोडा धीर पुरतो. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: जिल्ह्याच्या ठिकाणच्या आपल्या हुशार मुलामुलींना ध्रुवबद्दल सांगा आणि त्यांच्याकडून एक तरी प्रस्ताव लिहून घ्या. पाण्याबद्दलचे पुष्कळ प्रश्न अजून सुटायचे आहेत आणि ते सोडवण्याचं साधन आपल्याच राज्यात उभं आहे.